मुलाचे खाऊचे पैसे घरात खर्च झाले, आता तो हिशेब मागतोय. काय करू?

रानजाई_नाशिक

नमस्कार सगळ्यांना. जरा मोठं लिहिलंय पण पूर्ण वाचा प्लीज, दोन दिवस झाले मला धड झोप नाहीये.

मुलगा ११ वर्षांचा, सहावीत. धाकटी दुसरीत. आमच्याकडे पॉकेटमनी असा कधी दिला नाही, लागेल ते आपण आणून देतोच की असं मला वाटायचं. पण पाहुणे आले की निघताना हातात नोट ठेवतातच, "खाऊ घे रे" म्हणून. शिवाय वाढदिवस, पाडवा, माझ्या माहेरी गेलो की आई पदराच्या गाठीतून काढून देते ते. हे सगळे पैसे तो लहान असल्यापासून "आण इकडे, मी ठेवते नीट" म्हणत मीच घेत आले. आणि खरं सांगते, नीट ठेवले नाहीत. म्हणजे वेगळे ठेवलेच नाहीत, माझ्याच पर्समधे जायचे आणि दूध, भाजी, रिक्षा यातच संपायचे. दोन महिन्यांपूर्वी ह्यांचा पगार वीस दिवस लांबला तेव्हा उरलेसुरले पण गॅस आणि क्लासच्या फीला गेले.

आता त्याला बॅट हवीय. दुकानात जाऊन स्वतः विचारून आला, १,८०० ची आहे, आणि मला म्हणाला "आई माझ्या पैशातून दे". मी म्हणाले कुठले पैसे. तर त्याने गणिताच्या वहीचं शेवटचं पान उघडून दाखवलं. दोन वर्षांचं सगळं लिहिलेलं, आत्या ५०० गणपती, मावशी ५०१ वाढदिवस, वरच्या काकू ५०, असं ओळीने, तारखा सुद्धा, आणि खाली टोटल ४,३५०. मला कल्पनाच नव्हती तो लिहून ठेवतोय याची. मी गडबडले आणि म्हणून गेले की अरे तुझं सगळं आम्हीच तर करतो, शाळेची फी कोण भरतं मग. तो काही बोलला नाही, वही मिटून आत गेला.

चार दिवसांनी ह्यांच्या पाकिटातले २०० कमी. विचारलं तर सरळ म्हणाला "मी घेतले, पण चोरले नाहीत, माझ्यातलेच घेतले". माझा हात उठला. आजपर्यंत कधी मारलं नव्हतं त्याला. रात्री तो झोपल्यावर वही काढून बघितली तर ४,३५० खाली २०० वजा करून ४,१५० लिहिलेले.

ते पान बघितल्यापासून मला काही सुचत नाहीये. हे म्हणतात एवढं काय, मुलांचे पैसे म्हणजे घरचेच पैसे, आपले पण आईवडिलांनी घेतलेच होते. पण मला ते पटत नाहीये आता. पैसे परत द्यायचे का? एकदम ४,००० काढणं या महिन्यात शक्य नाही. आणि पुढे पॉकेटमनी सुरू करू का, किती द्यायचा, घरातलं काम केलं की द्यायचा का तसाच? अनुभव असतील तर सांगा.

तांबडा_पांढरा

ताई आधी एक, पोराला जवळ घेऊन सॉरी म्हणा. मारल्याबद्दल पण आणि पैशांबद्दल पण. आमच्यात आईवडील पोरांना सॉरी म्हणत नाहीत पण मी एकदा म्हणाले होते आणि त्यानंतर पोरगी माझ्याशी जास्त खरं बोलायला लागली हे नक्की.

पैसे परत द्याच. हप्त्याने द्या, पण द्या. त्याच्या वहीत त्यालाच लिहू दे प्रत्येक वेळी.

पॉकेटमनीचं आमचं सांगते, आम्ही कोल्हापूरला, मुलगी आता आठवीत आहे, पाचवीपासून चालू केलं. महिन्याचे एकदम नका देऊ, या वयाला महिना फार लांब असतो, पहिल्याच आठवड्यात संपतात. मी दर रविवारी सकाळी ५० द्यायचे, आता १०० देते. पण नुसते पैसे देऊन उपयोग नाही ओ, त्यातून काय भागवायचं ते आधी बोलून ठरवायला लागतं. आमचं असं ठरलंय की डबा, वह्या, कपडे, क्लास हे आमचं. कँटीनमधला वडा, जास्तीची पेनं आणि स्टिकर, मैत्रिणींच्या वाढदिवसाची गिफ्ट हे तिचं. गिफ्टचं तिच्याकडे दिल्यावर काय झालं सांगू, आधी प्रत्येक वाढदिवसाला २००-३०० चं गिफ्ट हवं असायचं, आता स्वतः कागदाची फुलं करून कार्ड बनवते आणि बरोबर ३० रुपयांचं चॉकलेट.

मला सगळ्यात अवघड गेलं ते गप्प बसणं. सुरुवातीला तिने तीन आठवड्यांचे साठवून एक लाईट लागणारं पेन घेतलं, १४० चं, दोन दिवसात बंद पडलं. मला दुकानातच दिसत होतं हे टिकणार नाही. नाही बोलले. ती रडली, मी नुसती शेजारी बसले, दुसरं घेऊन दिलं नाही आणि "बघ मी म्हणत नव्हते का" पण म्हणले नाही. त्यानंतर ती वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करून बघते घेण्याआधी. ते १४० मी पोरीच्या शिक्षणावर केलेला सगळ्यात चांगला खर्च समजते. आणि मंगळवारी संपले तर रविवारपर्यंत मिळत नाहीत, आजीकडून पण नाही (आजीला समजवायला सहा महिने लागले).

कामाचे पैसे देऊ नका हे माझं ठाम मत. स्वतःचं ताट उचलणं, अंथरूण काढणं, पाणी भरायला हात लावणं याचे पैसे दिले की उद्या पाहुण्यांना पाणी द्यायला सांगितलं तरी किती देणार विचारतील. रद्दी मात्र तिची. पेपर बांधायचे, काट्यावर स्वतः वजन बघायचं, भाव विचारायचा, आलेले पैसे तिचे.

धोटा

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका.

पॉकेटमनीपेक्षा मुलाला घरचा हिशेब दाखवा. आमचे वडील इचलकरंजीला यंत्रमागावर होते. आठवड्याला पगार व्हायचा. घरी आले की ते पैसे आधी देवापुढे ठेवायचे आणि मग आई आम्हा तिघा भावंडांसमोर त्याच्या घड्या करायची, एक किराणा दुकानदाराची उधारी, एक दूध, एक भाडं, एक भिशी, एक शाळा. शेवटी उरेल ते डब्यात. लूम बंद राहिले, वीज गेली किंवा सूत आलं नाही तर त्या आठवड्याला घड्या बारीक व्हायच्या, ते आम्हाला डोळ्यांनी दिसायचं, कोणी सांगायला लागायचं नाही. आम्हाला कधी कोणी पॉकेटमनी दिला नाही पण सहावीत असताना मला घराला आठवड्याला किती लागतं हे पाठ होतं.

आता माझा पगार मोबाईलवर मेसेज येतो. हप्ता आपोआप कापला जातो, किराणा स्कॅन करून, लाईट बिल ॲपवरून. माझ्या मुलीने पाच वर्षांची असताना मला विचारलं होतं की बाबा फोन चार्ज असला की पैसे येतात का. तेव्हापासून मी महिन्यातून एकदा, पगार झाला की पहिल्या रविवारी, कागदावर लिहून मुलांसमोर मांडतो, एवढे आले, एवढे घराच्या हप्त्याला, एवढे गावी आईला, एवढे तुमच्या शाळेचे. पगाराचा खरा आकडा सांगतो. बायकोला भीती होती बाहेर बोलतील, नाही बोलले अजून. पोरं आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप जपून वागतात अशा गोष्टीत.

ताई तुमच्या मुलाला तुम्ही त्या वेळी सांगितलं असतं की बाबांचा पगार लांबलाय, गॅस संपलाय, तुझ्यातले घेऊ का, तर माझी खात्री आहे त्याने वही बाजूला ठेवून स्वतः आणून दिले असते. आणि ते त्याच्या जन्मभर लक्षात राहिलं असतं की अडचणीत मी घराला मदत केली. आज त्याला वाटतंय माझे पैसे गेले. रक्कम तीच.

श्टुटगार्टकर

धोटा दादा, तुमच्या आईच्या घड्यांचं वाचून खरंच थांबलो दोन मिनिटं.

आम्ही नऊ वर्षं जर्मनीत आहोत, मुलगा तिसरीत. इथे या पॉकेटमनीला टाशेनगेल्ड म्हणतात आणि लोक त्याकडे फार गंभीरपणे बघतात. कुठल्या वयाला साधारण किती द्यावे याचे तक्तेच मिळतात, त्यात लहान मुलांना आठवड्याला आणि साधारण दहा वर्षांनंतर महिन्याला द्या असं सांगितलेलं असतं. नागरी कायद्यात सुद्धा आहे हे, कलम ११०, लोक त्याला टाशेनगेल्डचं कलमच म्हणतात. म्हणजे सात वर्षांवरच्या मुलाने त्याला खर्चायला दिलेल्या पैशातून एखादी वस्तू पूर्ण पैसे देऊन घेतली तर तो व्यवहार पक्का धरतात, दर वेळी आईबापाची वेगळी परवानगी लागत नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा विचित्र वाटलं होतं, एवढ्याशा पोराच्या पैशाला कायदा कशाला. आता वाटतं की दिलेला पैसा त्याचा झाला ही गोष्ट इथे कोणाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही, आणि आपल्याकडे नेमकं तिथेच अडतं.

ऑक्टोबरच्या शेवटी इथे बचतीचा दिवस असतो, पोरं आपापला गल्ला घेऊन बँकेत जातात, तिथे मोजून खात्यावर भरतात आणि बँक काहीतरी छोटी भेट देते. आणि उन्हाळ्यात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, पोरं चटई टाकून स्वतःची जुनी खेळणी विकतात. माझ्या मुलाने गेल्या वर्षी सगळ्या गाड्या पहिल्या अर्ध्या तासात ५० सेंटला एक अशा देऊन टाकल्या आणि नंतर शेजारच्या मुलीला तशाच गाड्यांचे २ युरो मिळताना बघत बसला. रस्ताभर गप्प होता. यावर्षी त्याने आधी चक्कर मारून दुसऱ्यांचे भाव बघितले मग चटई टाकली.

पण एक सांगतो, इथलं सगळं चांगलं असं मी म्हणत नाही. भारतात आलो की आजी, आत्या, काका सगळे त्याच्या हातात नोटा ठेवतात, त्याला ते कोणी द्यायचंच असं नसताना देतात, डोक्यावर हात ठेवून देतात. ते त्याला इथे कुठल्याच तक्त्यातून मिळणार नाही. म्हणून रानजाई ताई, त्या वहीत तुमच्या मुलाने रकमेपुढे माणसाचं नाव लिहिलंय हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ते पैसे त्याला कोणी दिले हे त्याच्या लक्षात आहे.

चौथीच्या_बाई

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. एकवीस वर्षं झाली.

आमच्याकडे दर वर्षी बालआनंद मेळावा होतो, पोरं बाजार मांडतात, कोणी शेतातली भाजी आणतं, कोणी भेळ, कोणी घरचं ताक. गावातले लोक येऊन खरे पैसे देऊन घेतात. त्यातलं गेल्या वेळचं एक सांगते. एका मुलीने भेळ विकली, गल्ला मोजला ३४०, उड्या मारत आली, "बाई ३४० फायदा". मग आम्ही फळ्यावर मांडलं. मुरमुरे ६०, फरसाण ८०, कांदा टोमॅटो कोथिंबीर ५०, झाले १९०, फायदा राहिला १५०. चेहरा पडला तिचा. जरा वेळाने परत आली आणि विचारते, "बाई, चटणी आईनं वाटली, पाट्यावर, सकाळी उठून. ते कुठं मांडायचं?" मी एवढी वर्षं गणित शिकवते, नफा तोटा शिकवते, मला पटकन उत्तर देता आलं नाही. मी म्हणलं घरी जाऊन आईलाच विचार. तिने त्या १५० मधले ५० आईला दिले असं दुसऱ्या दिवशी सांगितलं.

दुसरा एक मुलगा मेथी घेऊन बसला होता, १० ला जुडी. दुपार झाल्यावर ५ ला दोन द्यायला लागला. मी म्हणलं का रे बाबा. म्हणतो, सुकल्यावर गुरं पण नीट खात नाहीत बाई, आता मिळतील ते खरे. शेतकऱ्याचं पोर, त्याला शिकवायला लागत नाही.

पण अलीकडे बघतेय, वर्गात सुट्ट्या पैशांची उदाहरणं घातली की आधी यायची तशी येत नाहीत. १०० मधून ६५ गेले तर परत किती हे पोरं कागदावर मांडून सांगतात, पूर्वी बोटावर यायचं कारण दुकानात रोज तेच करत होती. आता दुकानात खोक्यातून आवाज येतो एवढे रुपये मिळाले आणि पोरगं पुडा घेऊन घरी येतं. म्हणून माझं म्हणणं आहे पॉकेटमनी द्यायचा तर रोखीत द्या आणि सुट्टे द्या. ५० ची एक नोट नको, दहाच्या तीन, पाचची दोन नाणी, बाकी दोनची. मोजू दे.

ताई तुमच्या मुलाबद्दल. त्याने २०० घेतले ते चूक का, तर न विचारता घेतले म्हणून चूक. पण न विचारता आधी तुम्ही पण घेतलेत ना. मला माहितीये हे टोचेल, तुम्ही घरासाठीच घेतले, स्वतःसाठी एक रुपया नाही घेतला हे पण समजतं मला. पण दोघांची चूक एकच आहे, तर दोघांना एकच नियम लावा, इथून पुढे या घरात कोणी कोणाचे पैसे न विचारता घेणार नाही. हे म्हणाल तर त्याला पटेल. नुसतं "चोरी वाईट" म्हणाल तर पटणार नाही कारण त्याने वजा करून ठेवलेत, चोर वजा करून ठेवत नाही. वर्गात माझ्याकडे असा मुलगा असता तर मी त्याला सहलीचा हिशेब ठेवायला दिला असता.

पोस्टातला

उशिरा बघितलं. मी टपाल खात्यात आहे, जेवढं कामाचं तेवढं लिहितो.

१० वर्षं पूर्ण झालेलं मूल स्वतःच्या नावाने बचत खातं उघडू शकतं आणि स्वतः चालवू शकतं, पोस्टात पण आणि बँकेत पण. बँकांना रिझर्व्ह बँकेने हे २०१४ मधेच सांगितलं होतं, एप्रिल २०२५ मधे परत नव्या सूचना काढल्या. किती रकमेपर्यंत मुलाला स्वतः काढू द्यायचे, कार्ड द्यायचं का, हे प्रत्येक बँक आपापलं ठरवते म्हणून शाखेत विचारून घ्या. खात्यात आहेत तेवढेच निघतात, उणे होऊ देत नाहीत. १० च्या खालच्या मुलाचं खातं पालक उघडून चालवतात.

पोस्टात बचत खातं ५०० रुपयांनी उघडतं, तेवढे शिल्लक ठेवायला लागतात, व्याज वर्षाला ४ टक्के. तुमचा मुलगा ११ चा आहे, त्याला चालेल. मला विचाराल तर खात्याबरोबर आरडी काढा, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव. महिन्याला किमान १००, पाच वर्षं. सध्या ६.७ टक्के आहे, दर तीन महिन्यांनी सरकार दर जाहीर करतं पण एकदा काढली की त्या आरडीला पाच वर्षं तोच दर. २०० रुपये महिना भरले तर पाच वर्षांत भरले जातात १२,००० आणि हातात येतात १४,२०० च्या वर. तो तेव्हा अकरावीत असेल.

धाकटीसाठी सुकन्या समृद्धी, म्हणजे मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेचं खातं, काढलं नसेल तर १० वर्षांची व्हायच्या आत काढा, वर्षाला २५० पासून चालतं, सध्या ८.२ टक्के. पण ते तिच्या शिक्षणासाठी, त्यातले पैसे १८ व्या वर्षापर्यंत किंवा दहावी होईपर्यंत हलवता येत नाहीत, म्हणून तिच्या खाऊच्या पैशांची सवय त्यातून लागणार नाही, तिला गल्लाच बरा.

मोबाईलवर द्यायचं असेल तर यूपीआय सर्कल म्हणून सोय आहे, खातं तुमचं राहतं आणि मुलगा त्यातून पैसे देतो, दर वेळी तुमच्या मंजुरीने किंवा ठरवलेल्या मर्यादेत. सहावीतल्या मुलाला मी तरी इतक्यात देणार नाही, बाईंनी सुट्ट्यांचं लिहिलंय ते खरं आहे.

माझ्या काउंटरवर एक आजोबा नातवाला घेऊन येतात, दर महिन्याला, स्लिप नातू भरतो, आजोबा मागे बाकावर बसून राहतात. स्लिप चुकली तरी उठत नाहीत.

रानजाई_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. बाई तुमचं टोचलं, पण तेच हवं होतं मला.

काल रात्री जेवणं झाल्यावर आम्ही चौघं बसलो. मी त्याला सॉरी म्हणाले, हात उचलल्याबद्दल वेगळं आणि पैशांबद्दल वेगळं. धोटा दादा सांगतात तसं ह्यांनी पहिल्यांदाच कागदावर लिहून दाखवलं, पगार किती, त्या महिन्यात कधी आला, मधले वीस दिवस कसे काढले, गॅसचे कुठून दिले. मला वाटलं होतं हे तयार होणार नाहीत, पण वही दाखवल्यावर काही बोलले नाहीत, गपचूप कागद घेतला. मुलगा सगळं ऐकून म्हणाला "मग गॅसचे मला परत नको, तो मी पण वापरला". मला बोलताच आलं नाही. हे म्हणाले नाही, तुला विचारलं नव्हतं, म्हणून परत मिळणार.

ठरलं असं की महिन्याला ५०० असे त्याला परत द्यायचे, ते वहीत "आईकडून आले" म्हणून लिहायचे. दर रविवारी ४० सुट्टे, त्यात कँटीन आणि टेनिस बॉल त्याचे. बॅट चार महिन्यांनी, ५०० चे चार हप्ते आले की, हे त्याने स्वतःच मोजून सांगितलं. धाकटीने लगेच वही मागितली, तिला पण पान आखून दिलंय, तिच्या वहीत सध्या फक्त "आजी १०".

अजून एक, भाऊबीजेला ताटात टाकायला मीच त्याच्या हातात नोट द्यायचे, या वर्षीपासून ती त्याच्यातली असेल असं तो म्हणतोय. किती टाकायचे ते सांगत नाही.

पोस्टातला दादा, शनिवारी त्याला घेऊन पोस्टात जातेय. कागद काय काय न्यायचे?

पोस्टातला

मुलाचा जन्मदाखला आणि आधार, दोन फोटो, तुमचं आधार आणि पॅन, सगळ्याच्या झेरॉक्स आणि मूळ कागद पण सोबत ठेवा. ५०० रोख. सकाळीच या, दुपारी गर्दी होते. शनिवार सुट्टीचा नाही ना ते कॅलेंडरवर बघून घ्या.

फॉर्म त्यालाच भरू दे, वेळ लागला तरी. आणि घरी दोन दिवस सहीचा सराव करून घ्या, एकच सही ठरवून दहावीस वेळा गिरवू दे. मुलांची सही दर वेळी वेगळी येते आणि मग पैसे काढताना जुळत नाही, आम्हाला परत पाठवायला लागतं, त्यांना फार वाईट वाटतं.